एकोणीस रेघांचा गोळा

ताई नेमकं काय काम करते हे आमच्या आईला शेवटपर्यंत कोणाला नीट सांगता आलं नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं, "मोठी काय करते हो?" की आई म्हणायची, "जंतू लठ्ठ करते." पुढे ताईने प्रबंधाची दोनशे चाळीस पानं लिहिली. ती सगळी मी वाचली आहेत. याहून चांगला सारांश मला त्यांत कुठे सापडला नाही.

आईची खरी तक्रार वेगळीच होती. "लोक जंतू मारायला पेनिसिलिन घेतात. ही त्यांना पेनिसिलिन पाजते आणि मेले नाहीत म्हणून खुशीत घरी येते. डॉक्टरच व्हायचं होतं तर सरळ माणसांची का नाही झाली?"

प्रकार असा होता. समुद्राच्या पाण्यातला एक निरुपद्रवी जंतू ताईने हाताशी धरला होता. प्रत्येक जंतूभोवती एक टणक भिंत असते. अंड्याच्या पांढऱ्यातून निघणारं एक द्रव्य घातलं की ती विरघळते आणि आत मऊ, पारदर्शक गोळा उरतो. गोळा लगेच नवी भिंत बांधायला घेतो. तिथे पेनिसिलिन आडवं येतं आणि बांधकाम बंद पाडतं. आता भिंत नसली की जंतूला दोन तुकडे होऊन संसार वाढवता येत नाही. भूक मात्र शाबूत असते. मग तो खातो आणि नुसता वाढत बसतो. दोनाचे चार करायचे नाहीत, कुठे जायचं नाही, फक्त जागच्या जागी मोठं होत राहायचं. असे अधिकारी पुढे माझ्या पाहण्यात बरेच आले, पण त्यांना कोणी सुई टोचून बघितली नाही.

ताईला नेमकं तेच करायचं होतं. साधा जंतू इतका बारीक की त्यात सुई घालणं म्हणजे मोहरीत खुंटी ठोकणं. हा गोळा मात्र पाच-सहा दिवसांत दहा-पंधरा पट फुगायचा. मग त्यात काचेची सुई घालायची, आत निळ्या रंगाचा एक कण सोडायचा, सुई बाहेर काढायची आणि त्यानंतरही गोळा जिवंत राहतो, वाढतो, हे दाखवायचं. प्रबंधाचा सगळा डोलारा या एका गोष्टीवर उभा होता.

गोळ्याचे नखरे काही कमी नव्हते. त्याला खारट-गोड मीडियम, म्हणजे ज्यात जंतू वाढवतात ते पोषक पाणी, लागायचं, कारण साध्या पाण्याचा थेंब लागला की फुटलाच. फ्लास्क हलवायचा नाही, गरम होऊ द्यायचा नाही, दार आपटायचं नाही. ताईची खोली तिसऱ्या मजल्यावर, लांबलचक बोळाच्या टोकाला होती. तिथे सगळे पाय न वाजवता चालायचे. बोळाच्या सुरुवातीलाच लोक आवाज खाली आणत, जणू आत कोणीतरी नुकतं झोपलं आहे. हिरव्या रंगाचं एक कपाट, त्याचा एक पाय कमी म्हणून खाली घातलेली जुनी वार्षिक अहवालांची थप्पी, खिडकीशी मायक्रोस्कोप, शेजारी पितळी बर्नर. उकळलेल्या मीडियमचा वास भिंतीत इतका मुरला होता की रंग दिला तरी आठ दिवसांत तो रंगातून वर यायचा. अजून कुठे तसा वास आला की माझे पाय आपोआप हलके पडतात.

त्या खोलीत मी लागलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि ताई एकोणतीस. त्याआधी दोन वर्षं मी औषधाच्या काचेच्या कुप्या करणाऱ्या कारखान्यात होतो. कुपीची मान ज्योतीवर ओढून बंद करायची, दिवसाला हजारांनी. काच हातात नरम पडली की तिला कुठे नेऊन सोडायचं हे माझ्या बोटांना डोक्यापेक्षा आधी कळायचं. प्रयोगशाळेतले काचकाम करणारे जुने काका निवृत्त झाले तेव्हा ताईने माझं नाव सुचवलं. मुलाखत ताईच्या मार्गदर्शकांनी घेतली. ते कुठल्याही वाक्याला "हरकत नाही" एवढंच उत्तर देत, म्हणून सगळे त्यांना मागून हरकतनाही सर म्हणायचे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं आणि अपेक्षित तेच म्हणाले.

पहिल्या दिवशी ताईने मला दारातच थांबवलं.

"आत मी मॅडम. तुम्ही म्हणायचं."

"आणि तू मला काय म्हणणार?"

"तू."

"हा कुठला न्याय?"

"मोठी आहे मी. चल, पाय वाजवू नकोस, शहाण्या."

माझं काम दोन प्रकारचं होतं. एक, टोचायच्या सुया ओढायच्या. दुसरं, फ्लास्कमधून गोळे उचलून काचपट्टीवर ठेवायला बारीक नळ्या करायच्या. जुन्या काकांनी मागे एक पत्र्याचा डबा भरून नळ्या ठेवल्या होत्या. काकांची नजर शेवटी अधू झाली होती आणि ते त्या नळ्यांकडे पाहून कळत होतं. जाडसर, वाकड्या, तोंडं ही अशी आ वासलेली. माझ्यासारख्या कारागिराला ते बघवेना. मी तो डबा नळ्यांसकट फुटक्या काचांच्या पिंपात टाकला आणि तीन दिवस बसून नव्या कोऱ्या चाळीस नळ्या ओढल्या. काय नळ्या होत्या! एकसारख्या, सरळ, टोकाला मुंगीच्या मिशीएवढ्या. ताईने एक उजेडात धरली आणि म्हणाली, "अगं बाई, दिसतच नाही हिचं टोक." ते मी घरी जाऊन आईला दोनदा सांगितलं.

ही झाली माझ्या कारकिर्दीची वैभवशाली सुरुवात. त्या आठवड्यापासून गोळे फुटायला लागले.

मी येण्याआधी ताईने अकरा गोळे टोचले होते आणि त्यातले सात नंतरही वाढले होते. सगळं वहीत तारीखवार होतं. त्या भरवशावर तिने प्रबंध धाडला होता. मी आल्यावर टोचणं राहिलं दूर, धड गोळाच काचपट्टीवर पोचेना. फ्लास्कमधून उचलून ठेवावा आणि पाहावं तर चिंध्या. कुठे एखादा वाचलाच तर इवलासा, टोचण्याच्या लायकीचा नाही.

आमच्या धंद्यात काही बिघडलं की पहिला आळ मीडियमवर. ताईने साखर बदलली. मग मीठ. मग पेनिसिलिनची नवी बाटली मागवली. मग मायक्रोस्कोपच्या दिव्याची आच लागते म्हणून दिव्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं. शेवटी गाडी भांडी धुण्यावर आली आणि तिथे मावशी उभ्या होत्या.

मावशी मीडियमची खोली सांभाळायच्या. शिजवणं, गाळणं, धुणं, वाफवणं, सगळं त्यांच्याकडे. या इमारतीत त्या सव्वीस वर्षं होत्या आणि पीएचडी होऊन गेलेल्या तेवीस जणांना त्या "माझ्या हातचे" म्हणत.

"माझी भांडी होती तशीच आहेत, मॅडम," मावशी म्हणाल्या. "साबण तोच, पाणी तेच, हात तेच. नवीन काय आलंय ते बघा. मॅडमचे बंधू तेवढे नवीन आलेत."

"म्हणजे?" मी म्हणालो.

"म्हणजे काही नाही. एकेकाचा पायगुण असतो."

ताई खुर्चीवरून उठली. "मावशी, हा शब्द या खोलीत मला पुन्हा ऐकायचा नाहीये. ही प्रयोगशाळा आहे. इथे पायगुण नसतो, कारण असतं."

"असेल," मावशी म्हणाल्या. "कारण पायाने चालत आलंय एवढंच म्हणते मी."

बोळभर ही गंमत पसरली. मी जिन्यावर दिसलो की शेजारच्या खोलीतले लोक आपापले फ्लास्क आत घेऊन दार लावत. चहाच्या वेळी कोणीतरी म्हणायचं, "याला जरा आमच्या झुरळांच्या कपाटाजवळ उभं करा हो." ताई दर वेळी माझ्यासाठी भांडायची. चार महिने भांडली. मी आपला रोज नव्या नळ्या ओढत होतो आणि, तिला आधार म्हणून, आधीच्यापेक्षाही बारीक.

तशात परीक्षकांचं पत्र आलं. पत्र सभ्य होतं, म्हणजे फारच वाईट होतं. प्रबंध रंजक आहे, पण भिंत नसलेला जंतू सुई टोचल्यावर जगतो हे स्वतः पाहिल्याखेरीज मान्य करता येत नाही. अमुक तारखेला सकाळी अकराला येईन, दुपारी चारच्या बसने परत जाईन. त्या मुक्कामात दिसलं तर ठीक, नाहीतर प्रबंध नामंजूर. ताईने आधीच दोनदा मुदतवाढ घेतली होती. तिसरी नियमात नव्हती. सरांनी पत्र वाचलं आणि आयुष्यात पहिल्यांदा 'हरकत नाही' न म्हणता घडी घालून परत दिलं.

परीक्षक यायच्या दिवशी सकाळी आठला आम्ही खोलीत होतो. फ्लास्क सहा दिवसांचा होता. एरवी थेट फ्लास्कमधून गोळे उचलणाऱ्या ताईने आज त्यातलं थोडं मीडियम फ्लास्क तिरपा करून उथळ बशीत अलगद ओतलं आणि कमी ताकदीच्या भिंगाखाली पाहिलं. गोळे होते. गोल, अखंड, चांगले बाळसेदार. मग तिने माझ्या नळीने त्यातले चार उचलले, काचपट्टीवर ठेवले, मोठ्या मायक्रोस्कोपखाली पाहिलं. चिंध्या. पुन्हा उचलले. पुन्हा चिंध्या.

साडेनऊ झाले. ताईने नळी खाली ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसली.

"शहाण्या, तू बशीवर डोळा लाव. मी उचलते, तू नुसता बघ. माझा हात कापतोय का ते सांग."

मी डोळा लावला. भिंगाखाली बशी म्हणजे एक उजेडाचं तळं आणि त्यात चिमुकले चंद्र. उजवीकडून माझी नळी आत आली, सरळ, देखणी. मला उगाच बरं वाटलं. ताईने हलकेच ओढून घेतलं तसा एक गोळा नळीच्या तोंडाशी आला. तो तोंडापेक्षा मोठा होता. तो थबकला, मग लांबट झाला, मग दोऱ्यासारखा ताणला जाऊन आत गेला. आत गेल्यावर दोराही उरला नाही. मागून दुसरा आला. त्याचंही तेच.

ताईचा हात दगडासारखा स्थिर होता.

मी डोळा काढला नाही. दीड मिनिट तरी मी तसाच वाकून राहिलो असेन. दीड मिनिटात माणसाच्या मनात काय काय येऊन जातं हे एरवी कळत नाही. पहिला विचार आला की बोलायचंच नाही, गुपचूप खाली जाऊन रुंद नळ्या ओढून आणायच्या आणि म्हणायचं, जरा बदल म्हणून या घे. दुसरा विचार आला तो पहिल्यापेक्षा हलकट होता, तो इथे लिहीत नाही. माझी नोकरी कच्ची होती. सहा महिने पूर्ण व्हायला दोन बाकी होते. आणि चार महिने जो पायगुण खोटा आहे म्हणून ताई सगळ्या बोळाशी भांडत होती, तो माझ्या दहा बोटांत बसला होता.

"कापतोय ना?" ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता. "मला वाटलंच. आधीचे सात पण मग नशिबाने आले असतील. की मी चुकीचं मोजलं? सर येतील आता. मी त्यांना सांगते, प्रबंध मागे घेते म्हणून. तो माणूस एवढ्या लांबून येणार आणि आपण त्याला चिंध्या दाखवायच्या, त्यापेक्षा आपणच पत्र दिलेलं बरं." आणि तिने खरंच कागद पुढे ओढला आणि वर तारीख घातली.

"ताई, तुझा हात कापत नाहीये," मी म्हणालो. मॅडम म्हणायचं राहून गेलं. "नळी बारीक आहे."

"म्हणजे?"

"गोळा तोंडात मावत नाही. ओढला की फाटतो. फ्लास्कमध्ये सगळे ठीक आहेत. मी फोडतोय."

ताई उठून माझ्या जागी आली. मी नळी धरली, तिने डोळा लावला. मी एक गोळा ओढून दाखवला. मग तिने आणखी एक ओढायला लावला. कधी कधी शास्त्रज्ञ फार छळतात.

"काकांच्या नळ्या कुठे आहेत?" तिने डोळा न काढता विचारलं.

"टाकल्या."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

"सगळ्या?"

"डब्यासकट."

ताई सरळ झाली. तिने माझ्याकडे असं पाहिलं की लहानपणी तिची शाई मी गादीवर सांडली होती तो दिवस बरा होता असं मला वाटलं. दारात मावशी वाफवलेल्या भांड्यांची जाळी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी एकदा माझ्या पायांकडे पाहिलं.

मग ताईला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खुर्चीची पाठ धरून. "चार महिने!" ती म्हणत होती. "चार महिने मी साखर बदलतेय! आणि हा गाढव दर आठवड्याला आणखी बारीक करून देतोय आणि मी थँक्यू म्हणतेय!" डोळे पुसून तिने घड्याळाकडे पाहिलं. "दहाला पाच कमी. बस बर्नरवर. नळ्या कर."

"कशा करू?"

"वाईट. जमेल तितक्या वाईट."

मी बर्नर पेटवला. तुम्हाला वाटेल, वाईट काम करायला काय लागतं. मलाही तेच वाटत होतं. काच ज्योतीवर धरली, नरम पडली, ओढली. नळी मुंगीच्या मिशीसारखी निघाली. दुसरी ओढली, तीही तशीच. बोटं ऐकेनात. मुद्दाम लवकर थांबलो, तर मधेच तुटली. टोक मोडून बघितलं, तर उभा तडा गेला. ताई मागे उभी राहून एकेक उजेडात धरत होती.

"ही?"

"सुंदर आहे. टाक."

"आणि ही?"

"अरे देवा, ही तर आणखी सुंदर आहे. तुला एक काम वाईट करता येऊ नये?"

सव्वादहाला मावशींनी जाळी खाली ठेवली आणि पदराला हात पुसले. "सरका बघू, मॅडमचे बंधू."

"मावशी, तुम्ही काच कधी ओढलीये का?"

"नाही."

"मग?"

"मग तेच तर हवंय ना तुम्हाला."

त्यांनी नळी ज्योतीत धरली, दोन्ही हातांनी अशी खेचली जशी गाठ बसलेली नाडी ओढावी, आणि दोन तुकडे माझ्यापुढे धरले. एक वाकडा होता. दुसऱ्याचं तोंड माशाने आ वासावा तसं. ताईने भिंगाखाली पाहिलं. "दीड गोळा सहज जाईल!" ती म्हणाली आणि मावशींना मिठी मारली. तोंडाची कड धारदार होती, ती मी ज्योतीला टेकवून गुळगुळीत केली. हे माझं योगदान आहे. कुठेही नोंदलेलं नाही म्हणून इथे नोंदवतो.

अकराला पाच मिनिटं कमी असताना काचपट्टीवर सहा गोळे होते. सहाही अखंड. ताईने दोनदा मोजले, मग मला मोजायला लावले, मग खुर्चीत बसून एक पेला पाणी प्यायली.

परीक्षक ठीक अकराला आले. मला वाटलं होतं, कोणी उंच, कपाळाला आठ्या घातलेला माणूस येईल. आले ते बुटके, लाजरे, बुटांचा आवाज होतो म्हणून बोळात स्वतःहून चवड्यांवर चालणारे. सरांनी त्यांची ओळख करून दिली. त्यांनी थेट काचपट्टीकडे बोट केलं. "बघू?"

भिंगात मोजायच्या रेघा असतात, पट्टीवर असतात तशा. ताईने सगळ्यांत मोठा गोळा त्या रेघांवर आणला. परीक्षकांनी वाकून मोजलं. "एकोणीस," ते म्हणाले आणि स्वतःच्या वहीत लिहिलं. मग म्हणाले, "टोचा."

सुई मात्र माझीच होती. सुई बारीकच लागते, आणि तिथे माझी बोटं बरोबर होती, एवढा दिलासा देवाने ठेवला होता. मायक्रोस्कोपला दोघांनी बघायची सोय होती, एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला परीक्षक; आत काय झालं ते मी नंतर ताईकडून ऐकलं. ताईने स्क्रू फिरवला. सुई गोळ्याला टेकली, गोळ्याला खळी पडली. ताईने श्वास सोडला आणि किंचित पुढे रेटलं. खळी नाहीशी झाली. सुई आत होती. मग सुईच्या टोकाशी निळा ठिपका दिसला, पसरला, आणि गोळा आतून इतका फिका निळा झाला की डोळ्यांवर विश्वास बसू नये. सुई बाहेर आली. गोळा थरथरला.

गोळा गोल राहिला.

"राहिला," परीक्षक म्हणाले. "पण वाढतो का?"

त्याला वेळ लागतो. तासाभराने साडेएकोणीस झाल्यासारखं वाटलं, पण वाटणं वहीत लिहीत नाहीत. ताईने काचेच्या कडेला तेलाची नवी रेघ ओढली, म्हणजे मीडियम सुकू नये. आम्ही बसलो. सरांनी चहा मागवला. परीक्षकांनी दोन बिस्किटं खाल्ली आणि तिसरं खाऊ की नको असं करत हातातच ठेवलं. मग त्यांना टेबलावर मावशींची नळी दिसली.

"ही तुम्ही वापरता?" त्यांनी ती उचलून फिरवून पाहिली. "इतकी ओबडधोबड? तुमच्याकडे काचकामाला कोणी चांगला माणूस नाही का?"

"आहे ना," ताई म्हणाली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "फार चांगला आहे. म्हणून तर चार महिने गेले."

मावशी दारात होत्या. "ती मी केली," त्या म्हणाल्या.

परीक्षक उठून उभे राहिले. का ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी मावशींना नमस्कार केला आणि पुन्हा बसले.

साडेतीन वाजले. बस चारची. सर म्हणाले, "गाडी बोलावू का? निघायला हवं." परीक्षक घड्याळाकडे पाहत होते, मग मायक्रोस्कोपकडे. "सहाला एक आहे ना दुसरी?"

"ती रडतखडत जाते," सर म्हणाले.

"हरकत नाही," परीक्षक म्हणाले. सर दचकले. स्वतःचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय नव्हती.

साडेचारला परीक्षकांनी कागदाच्या पाच चिठ्ठ्या केल्या. "प्रत्येकाने एकेकट्याने बघायचं. मोजायचं, लिहायचं, घडी घालून इथे ठेवायचं. कोणी बोलायचं नाही." त्यांनी एक चिठ्ठी मावशींनाही दिली.

"मला चष्मा लागतो," मावशी म्हणाल्या.

"चष्म्यासकट बघा. रेघा तेवढ्या मोजा."

ताई सगळ्यांत शेवटी गेली. तिला सगळ्यांत जास्त वेळ लागला. मला वाटलं ती मोजतच नाहीये, नुसती बघतेय. मग तिनेही चिठ्ठी टाकली आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोरी उभी राहिली. बाहेरच्या रस्त्यावर एक बाई सायकलवरून पडलेली छत्री उचलत होती. हे मला अजून कशाला आठवतं कोण जाणे.

परीक्षकांनी चिठ्ठ्या उघडल्या. त्यांची स्वतःची, एकवीस. माझी, एकवीस. मावशींची, एकवीस, आणि खाली, 'आत निळं आहे.' ताईची, साडेवीस. मग त्यांनी सरांची चिठ्ठी उघडली. तिच्यावर लिहिलं होतं, 'वीस ते बावीस, हरकत नाही.'

"सगळ्यांत कमी तुमचा आकडा आहे," परीक्षक ताईला म्हणाले.

"शंका आली तर कमीच लिहायचं असं ठरवलंय मी," ती खिडकीतूनच म्हणाली.

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं, फॉर्मवर सही केली, दोनदा फुंकर घातली. मग फॉर्म ताईला न देता मला दिला, "त्यांना द्या," म्हणाले, कारण ताई अजून वळलेली नव्हती. आणि त्यांनी विचारलं, जाण्याआधी आणखी एकदा बघितलं तर चालेल का. ते इतका वेळ बघत बसले की सहाची बसही चुकायची वेळ आली, तेव्हा सरांनी त्यांना दंडाला धरून उठवलं.

ते आणि सर गेल्यावर खोलीत आम्ही तिघं उरलो. नियम असा होता की दिवसभराचं जे काही जिवंत उरेल ते संध्याकाळी वाफेच्या पिंपात जायचं. भांडी धुवायच्या आधी सगळं मारायचं, एकही जंतू नाल्यात जाऊ द्यायचा नाही. तो नियम ताईनेच दारावर लावला होता. मावशी जाळी घेऊन आल्या. फ्लास्क आत ठेवला, बश्या ठेवल्या, नळ्या ठेवल्या. मग थांबल्या.

"ती पट्टी घेऊ का, मॅडम?"

"थांबा."

ताईने पुन्हा डोळा लावला. मी म्हणालो, "राहू दे ना एक दिवस. आज तरी."

"मीडियम आटलं की तो तसाही जाणार आहे. रात्रभर एकटा सुकत बसेल." बराच वेळ ती तशीच वाकून होती. मग वही ओढून तिने लिहिलं, 'पाच चाळीस, एकवीस.' आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आकड्यापुढे शंकेची खूण घातली नाही.

काचपट्टी तिने स्वतःच क्लिपमधून काढली, दोन्ही हातांनी, आणि मावशींकडे दिली. मावशी एरवी पट्ट्या जाळीत खळकन टाकायच्या. ती त्यांनी सगळ्यांच्या वर, सपाट ठेवली. झाकण बसवलं, स्क्रू आवळले, बर्नर लावला. वाफ धरायला वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत कोणाला काहीच काम नव्हतं. घरी आई वाट बघत होती, फॉर्म टेबलावर होता, पदवी झाली होती. आम्ही तिघं बाकावर ओळीने बसलो आणि पिंपाच्या दाबाच्या काट्याकडे बघत राहिलो. काटा वर चढत होता आणि कोणालाच उठावंसं वाटत नव्हतं.